गाडीची खरी रेंज घरी बसून काढा

इलेक्ट्रिक कार बघायला गेलात की आधी रेंजचा (म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती किमी जाते त्याचा) आकडा तोंडावर फेकतात, तो टेस्टमधला असतो, तो सोडा. बॅटरी किती युनिटची (म्हणजे किलोवॉट-अवर) आहे ते विचारा आणि हिशोब स्वतः करा. मधल्या साइजची गाडी शहरात १०० किमीला साधारण १५ युनिट खाते, हायवेला शंभरच्या पुढे दामटलीत की १८-२० सहज, कारण स्पीड वाढला की हवेचा विरोध जाम वाढतो. पेट्रोल गाडीचं बरोबर उलटं आहे हे, इथे ट्रॅफिकमध्ये ब्रेक मारताना थोडी वीज परत मिळते.

आता समजा बॅटरी ४० युनिटची. रोज ८० टक्क्यांपर्यंत भरायची आणि २० च्या खाली न्यायची नाही म्हटलं तर हातात राहतात २४ युनिट, म्हणजे शहरात १६० किमी आणि हायवेला १२०-१३०. कडाक्याच्या थंडीत अजून कमी, हीटर लावला की तर विचारूच नका.

खर्च काढताना मीटरवर साधारण १० टक्के जास्त धरा, चार्ज करताना तेवढी वाया जातेच. घरच्या ३ किलोवॉटच्या पॉइंटवर हे २४ युनिट भरायला आठ-नऊ तास लागतात, रात्रीत होऊन जातं. पण घरी पॉइंटच नसेल आणि सगळा भार बाहेरच्या फास्ट चार्जरवर असेल तर मी म्हणेन जरा थांबा, तिथे युनिटचा रेट जास्त पडतो आणि ८० टक्क्यांनंतर चार्जिंग रेंगाळतं ते वेगळंच.