सरकारी खात्याचं एंटरप्राइझ आर्किटेक्चर कितपत मुरलंय, हे कसं तपासायचं

खात्याची कामं, डेटा, सॉफ्टवेअर, सर्व्हर आज कसे जोडलेत, उद्या कसे हवेत आणि मधला रस्ता कोणता, याचा आराखडा म्हणजे एंटरप्राइझ आर्किटेक्चर. कन्सल्टंटने बनवलेली जाडजूड पीडीएफ बऱ्याच खात्यांत सापडते हो, प्रश्न ती कोणी उघडतं का हा आहे.

मोजपट्टी नवी शोधत बसू नका. अमेरिकेत जीएओ म्हणून संस्था आहे, आपल्या कॅगसारखी, तिने यासाठी चौकट बनवलीय. 2003 च्या 1.1 आवृत्तीत 5 पायऱ्या आणि 31 मुद्दे, 2010 च्या 2.0 मध्ये 0 ते 6 अशा 7 पायऱ्या आणि 59 मुद्दे. पहिल्यांदाच करत असाल तर माझं मत, जुनी घ्या, 59 मुद्द्यांत माणूस हरवतो.

आधी कुठलं खातं, कुठली कार्यालयं धरायची ते लिहून घ्या. मग एकेक मुद्दा घेऊन पुरावा मागायचा. लेखी आणि मंजूर धोरण आहे का, चीफ आर्किटेक्ट (हा आराखडा सांभाळणारा अधिकारी) नेमलाय का, वरिष्ठ अधिकाऱ्यांची समिती आहे का (असेल तर बैठकीची इतिवृत्तं दाखवा म्हणायचं, "समिती आहे ना साहेब" एवढ्यावर टिक करायची नाही). प्रत्येक मुद्द्याला पूर्ण, अर्धवट किंवा नाही, एवढंच लिहा.

खरी कसोटी वापराची. अलीकडच्या दोन-तीन आयटी प्रोजेक्टच्या फायली मागवा, समजा नव्या पोर्टलचं टेंडर आहे, तर ते आराखड्यात बसतं का यावर आर्किटेक्टचा शेरा आहे का बघा आणि मुख्य म्हणजे त्या शेऱ्याची तारीख बघा, टेंडर निघाल्यावरची असेल तर ती फक्त फाईल पूर्ण करायला मारलेली सही आहे. आराखड्यात बसत नाही म्हणून एखादा प्रोजेक्ट थांबवला किंवा बदलला असेल तर मात्र खातं बरंच पुढे गेलंय.

आता पायरी ठरवा. इथे सरासरी काढायची नाही, खालच्या पायऱ्यांचे सगळे मुद्दे पूर्ण असल्याशिवाय वरची पायरी द्यायची नाही, म्हणजे आराखड्यातले नकाशे कितीही देखणे असले आणि धोरणच मंजूर नसलं तर खातं खालीच राहणार. यावर वाद होतात, होऊ द्या.

आणि मार्क द्यायला आयटी सेललाच बसवू नका, दुसऱ्या खात्यातलं कोणीतरी घ्या, जमल्यास ऑडिट किंवा वित्त विभागातलं, त्यांना कागद मागायची सवय असते.