टाइप वनचे ग्रुप आणि सेन्सरचे आकडे: नुसतं वाचत बसण्यापेक्षा कामाला कसे लावायचे

माझ्या लेकीला टाइप वन डायबेटिस (यात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवणं जवळजवळ थांबवतं, ते बाहेरून द्यावं लागतं) होऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून मी चार ग्रुपांमध्ये आहे. तीन व्हॉट्सअ‍ॅपवरचे आणि एक परदेशातला. पहिलं वर्ष रात्री दोन-दोनपर्यंत वाचून घाबरण्यातच गेलं, कारण कुणाची शुगर 40, कुणाची 500, आणि वाचून करायचं काय ते कळत नव्हतं. आता थोडं जमतंय म्हणून लिहितेय.

आधी एक नियम, त्यावर वाद नको. शुगर 70 च्या खाली गेली तर ग्रुपवर विचारायचं नाही, आधी ग्लुकोज किंवा साखर द्यायची, 15 मिनिटांनी परत बघायचं, मग टाइप करत बसा. मूल बेशुद्ध पडलं किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखाना. आणि इन्सुलिनचा डोस ग्रुपवर ठरत नाही, दुसऱ्याच्या पोराचे 6 युनिट तुमच्या पोराला भारी पडू शकतात.

आता प्रश्न कसा विचारायचा. आमच्याकडे दर एकादशीला "खिचडी खाल्ली, शुगर आभाळाला टेकली, काय करू" असा मेसेज यायचाच, आणि खाली चाळीस उत्तरं, कुणी म्हणतं भगर द्या, कुणी कारल्याचा रस, कुणी म्हणतं आम्ही देतच नाही बाई. उपयोग शून्य. मग एका मुलाच्या बाबांनी सुचवलं की पुढच्या एकादशीला सगळ्यांनी सारख्याच गोष्टी लिहायच्या: खायच्या आधीची शुगर, खिचडी वजन करून किती ग्रॅम (वाटी नको, प्रत्येकाची वाटी वेगळी!), इन्सुलिन किती आणि खायच्या किती मिनिटं आधी, मग एक, दोन आणि चार तासांनंतरची शुगर, आणि त्या दिवशी ताप, खेळ असं काही असेल तर ते. नऊ घरांनी लिहिलं. मी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर पोरीची खिचडी मोजत होते आणि सासूबाई म्हणाल्या, सोनं मोजतेस का गं.

पण कागदावर एकत्र मांडल्यावर दिसलं की ज्यांनी पहिल्या घासासोबत इन्सुलिन दिलं त्यांची शुगर तासाभरात उसळली, आणि 15-20 मिनिटं आधी दिलेल्यांची तेवढी नाही. शिवाय तूप-दाण्याचं कूट जास्त असलेल्या खिचडीनंतर तीन-चार तासांनी परत एक उंचवटा, कारण साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आणि फॅट पचन लांबवतं. नऊ घरं म्हणजे पुरावा नाही हे मला कळतं. पण तो कागद घेऊन डॉक्टरांकडे गेले तेव्हा पहिल्यांदा आमचं बोलणं "शुगर वाढते हो" याच्या पुढे गेलं आणि त्यांनी इंजेक्शनची वेळ बदलून दिली.

ज्यांची शुगर नीट राहिली त्यांनाही लिहायला लावा, ही गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते. ग्रुपवर येतं ते एकतर रडगाणं नाहीतर चमत्कार, मधले लोक गप्प असतात. "अमुक चूर्णाने आमच्या बाळाचं इन्सुलिन कमी झालं" हा मेसेज तर महिन्यातून एकदा ठरलेला, आणि नवीन निदान झाल्यावर काही महिने शरीर थोडं इन्सुलिन बनवतं म्हणून डोस आपोआपच कमी होतो, त्याला हनिमून म्हणतात, हे कुणी सांगत नाही.

यावर मला एएलएसच्या (स्नायू हळूहळू निकामी करणारा मज्जातंतूंचा आजार) पेशंटांचं उदाहरण फार आवडतं. 2008 मध्ये इटलीतून एक छोटा अभ्यास आला की लिथियम या औषधाने हा आजार मंदावतो. अमेरिकेतल्या 'पेशंट्स लाइक मी' या साइटवरचे पेशंट वाट न बघता लिथियम घ्यायला लागले आणि आपली हालचाल, बोलणं, गिळणं यांचे गुण नोंदवत राहिले. साइटच्या लोकांनी लिथियम घेणाऱ्या 149 जणांची तुलना न घेणाऱ्या 447 जणांशी केली, आणि हे 447 असे निवडले की त्यांचा आजार आधी तितक्याच वेगाने वाढत होता. 2011 मध्ये निकाल छापला, फरक काहीच नाही. म्हणजे "मला गुण आला" असं कुणी म्हणालं की विचारायचं, न घेतलेल्या तुमच्यासारख्याच माणसाचं काय झालं?

सेन्सर (अंगावर चिकटवलेलं, सतत शुगर मोजणारं छोटं यंत्र) असेल तर 5 मिनिटांनी एक या हिशोबाने दिवसाला 288 रीडिंग, 14 दिवसांत चार हजारांच्या वर. एकेक आकडा बघून जीव काढू नका. रिपोर्टमध्ये 70 ते 180 च्या मध्ये किती टक्के वेळ गेला ते बघा, 2019 मध्ये तज्ज्ञांनी बहुतेकांसाठी 70 टक्क्यांच्या वर असं ध्येय दिलंय आणि 70 च्या खाली 4 टक्क्यांपेक्षा कमी. त्या 14 दिवसांत सेन्सर निदान 70 टक्के वेळ चालू हवा, नाहीतर रिपोर्ट धरू नका. पोर सेन्सरच्या कुशीवर झोपलं की खोटी लो, म्हणजे नसलेली कमी शुगर, दिसते, मी दोनदा मध्यरात्री उठवून साखर भरवली, नंतर कळलं. शंका आली की बोटाला टोचून बघायचं. परदेशी ग्रुपात कुणी शुगर "7" लिहिली तर घाबरू नका, तिकडे मोजायचं एकक वेगळं असतं, 18 ने गुणा, ते 126 होतात.

असे आकडे खूप लोकांचे जमले की काय होतं? डाना लुईस नावाच्या अमेरिकन टाइप वन बाईला रात्री सेन्सरचा अलार्म ऐकू यायचा नाही, एवढ्याच कारणावरून 2013 मध्ये तिने स्वतःचा डेटा बाहेर काढून मोठा अलार्म बनवला. त्यातून पुढे इन्सुलिन पंप (अंगाला लावलेलं, इन्सुलिन सोडणारं यंत्र) आपोआप चालवणारी ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुली असलेली, सिस्टीम उभी राहिली आणि वापरणाऱ्यांनी आपला डेटा संशोधनाला दिला. अशा सिस्टीमची न्यूझीलंडमध्ये 97 जणांवर रीतसर चाचणी झाली, 2022 मध्ये छापून आली: 24 आठवड्यांत रेंजमधला वेळ 61.2 वरून 71.2 टक्के. मात्र व्हिडिओ बघून घरी असलं काही जोडू नका, डॉक्टर सोबत हवेत.

डेटा देताना थोडं चिंगूस राहा. रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात नाव आणि जन्मतारीख असते, स्क्रीनशॉट टाकायच्या आधी कापा. नाव काढलं तरी गाव, शाळा आणि वय तिन्ही लिहिलंत तर लहान गावात ओळखायला कितीसा वेळ लागतो. कुणी गुगल फॉर्म पाठवून "रिसर्च आहे" म्हणालं तर कोणती संस्था, एथिक्स कमिटीची परवानगी आहे का आणि नंतर नाव मागे घेता येईल का, हे विचारा, उत्तर टाळलं तर भरू नका.

आणि औषधाचा त्रास झाला तर नुसतं ग्रुपवर लिहून थांबू नका हो, तिथे शंभर जण "आमचंही तसंच" म्हणतात आणि ते शंभर कुणीच मोजत नाही. भारत सरकारच्या फार्माकोव्हिजिलन्स (औषधांच्या त्रासाची नोंद ठेवणाऱ्या) प्रोग्रामचा टोल फ्री नंबर आहे, 1800-180-3024. पेशंटने किंवा घरच्यांनी भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो. सेन्सर, ग्लुकोमीटर, पंप यांच्यासाठी 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा वेगळा प्रोग्राम आहे. फक्त बिघडलेला सेन्सर रागाने कचऱ्यात टाकू नका, मी टाकला होता आणि मग लॉट नंबर विचारल्यावर ओल्या कचऱ्याच्या डब्यात हात घालून खोकं शोधत बसले होते.