'चालून नाही रायलं भाऊ': बग कळवताना आणि सूचना करताना या चुका टाळा

नागपुरात लाईट गेली की महावितरणला फोन लावायच्या आधी माणूस गॅलरीत येतो. समोरच्याला विचारतो, "आमचीच गेली का तुमचीही?" मग खाली उतरून मीटरपाशी एमसीबी पडलाय का ते बघतो, आणि मग फोन. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. पण हाच माणूस संगणकापुढे बसला आणि प्रोग्राम अडला, की थेट लिहितो: "चालून नाही रायलं. अर्जंट." काय चालत नाही, कधीपासून, सगळ्यांचं की एकट्याचंच, यातलं काहीच नाही. गॅलरीतली अक्कल खुर्चीत बसताना जाते कुठे, हा मला पडलेला जुना प्रश्न आहे.

मी दिवसा आयटी पार्कात नोकरी करतो आणि रात्री एक छोटा ओपन सोर्स (कोड कोणालाही बघता, बदलता येईल असा) प्रकल्प सांभाळतो. छोट्या वाचनालयांसाठी मराठी पुस्तकसूची, एवढंच त्याचं काम. कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर आहे, तक्रारीही तिथेच येतात. ज्यांना ते जमत नाही ते व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. शिवाय शनिवारी इंजिनिअरिंगची काही मुलं माझ्याकडे येऊन बसतात आणि दुसऱ्यांच्या प्रकल्पांत बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, नोंदवायला शिकतात. त्यामुळे काउंटरच्या आतली आणि बाहेरची अशा दोन्ही बाजूंची चिडचिड माझ्या वाट्याला येते.

स्क्रीनचा फोटो काढून पाठवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

पश्चिम नागपुरातल्या एका वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी एकदा फोटो पाठवला. मोबाईलने काढलेला, तिरका, वर ट्यूबलाईटची पांढरी पट्टी. खाली लिहिलेलं, "भाऊ, सर्च करून पाहिलं तर काहीच येऊन नाही राहिलं." फोटोत शोधाच्या चौकटीत 'ॲलर्जी' हा शब्द आणि खाली 'एकही पुस्तक सापडले नाही'. पुस्तक तर कपाटात होतं, यादीतही होतं. त्यांनी यादीचाही फोटो पाठवला होता, तोही तिरका.

मी तो शब्द डोळ्यांनी वाचला, माझ्या मशीनवर टाईप केला, माझ्या चाचणीच्या यादीत शोधला. सापडला. मी लिहिलं, "माझ्याकडे चालतंय," आणि तक्रार बंद केली. ही माझी चूक, मान्य. हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाला आयटी पार्कसमोरच्या ठेल्यावर आठवडाभर सगळ्यांच्या तर्री पोह्यांचे पैसे भरायची शिक्षा असायला हवी.

मॅडम चिकाटीच्या. दुसऱ्या दिवशी परत तोच निरोप. मी कॅशे (ब्राउझरने साठवलेला जुना माल) साफ करायला लावला, ब्राउझर बदलायला लावला, नवी आवृत्ती टाकायला लावली. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं केलं. तिसऱ्या संध्याकाळी मला सुचलं ते पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं: "मॅडम, फोटो नको. शोधलेला शब्द कॉपी करून पाठवा, आणि यादीतलं पुस्तकाचं नावही कॉपी करूनच पाठवा."

दोन्ही मजकूर आले. बघायला डिट्टो सारखे. मी प्रोग्रामला दोन्ही शब्दांची लांबी विचारली. एक आला 6, दुसरा आला 7.

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतं. एक म्हणजे सबंध अक्षर, यू+0972. हे युनिकोडच्या 5.1 आवृत्तीत, 2008 साली आलं. दुसरी जुनी पद्धत: साधा 'अ', यू+0905, आणि त्याच्या डोक्यावर वेगळा चंद्र, यू+0945. बहुतेक फॉन्टांत दोन्ही हुबेहूब दिसतात. गंमत म्हणजे 'ऱ' हे अक्षरही असंच दोन प्रकारे साठवता येतं, पण त्या दोन रूपांना युनिकोडच्या प्रमाणीकरणात (वेगवेगळी रूपं एकसारखी करायच्या नियमांत) एकच मानलंय. ते प्रमाणीकरण मी आधीपासून करत होतो आणि त्यावर निर्धास्त होतो. 'ॲ'च्या जोडीला ती सोय नाही. वाचनालयात नोंदी करणाऱ्या माणसाने जुन्या पद्धतीने लिहिलं होतं, मॅडमचा कीबोर्ड नवं अक्षर देत होता, आणि माझा संगणक प्रामाणिकपणे सांगत होता की हे दोन वेगळे शब्द आहेत.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली: नोंद करताना आणि शोधताना दोन्हीकडे जुनी जोडी बदलून नवं अक्षर करायचं. दोन ओळींसाठी तीन संध्याकाळी गेल्या, कारण जो फरक होता तो फोटोत दिसणं शक्यच नव्हतं.

म्हणून मजकूर म्हणजे मजकूरच पाठवा. एरर आली तर ती निवडा, कॉपी करा, डकवा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. "फक्त शेवटची ओळ महत्त्वाची" हे ज्याला ठरवता येतं त्याला सहसा तक्रार करायची गरजच पडत नाही. मजकूर असला की तो शोधता येतो, माझ्या मशीनवर तसाच्या तसा चालवता येतो, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाला तीच एरर आली तर त्याला तुमची तक्रार सापडते. चित्र कुठे हवं? मात्रा तुटून दिसते, बटण स्क्रीनबाहेर पळतं, अशा ठिकाणी हवंच. तिथेही सोबत तो शब्द कॉपी करून द्या.

आणि स्क्रीनशॉट टाकण्याआधी कोपऱ्यात काय उघडं आहे ते बघा. एका मुलाने एररसोबत स्वतःचा डेटाबेसचा पासवर्डही जगाला दाखवला होता. असं झालं तर चित्र काढून भागत नाही, पासवर्ड बदला, त्याच मिनिटाला.

'लेटेस्ट' हे आवृत्तीचं नाव नाही

आकडा लिहा. तुमचं लेटेस्ट मागच्या दिवाळीतलं असू शकतं.

'आधी चालत होतं' एवढंच लिहून थांबणे

आधी म्हणजे कधी? शेवटची कोणती आवृत्ती नीट चालली होती? हे एक टोक मिळालं की गिट बायसेक्ट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधलं शोधाचं साधन) मधल्या हजार बदलांतून दोषी बदल साधारण 10 चाचण्यांत शोधून देतं, कारण दर चाचणीला निम्मे बदल बाद होतात. टोकच नसेल तर मी वाचत बसतो.

'कधी कधी होतं'

कधी कधी असं काही नसतं. तुम्ही बघितलेलं नसतं, एवढंच.

माझ्या शनिवारच्या मुलांपैकी एकाने कॉलेजच्या कार्यक्रमासाठी नावनोंदणीचा फॉर्म बनवला होता. तक्रार आली: "तारीख कधी कधी एक दिवस मागची पडते." तो पोरगा चार दिवस फॉर्म भरत होता, दुपारी. एकदाही चुकलं नाही. शेवटी वैतागून म्हणाला, "सर, लोकं काही पण लिहितात." मी म्हटलं, ज्यांचं चुकलं त्यांनी फॉर्म किती वाजता भरला ते काढ. सगळ्या नोंदी रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधल्या निघाल्या. हॉस्टेलची पोरं, दुसरं काय!

सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे रात्रीचा एक वाजतो तेव्हा सर्व्हरच्या कॅलेंडरवर अजून कालचाच दिवस असतो, संध्याकाळचे साडेसात. पहाटे साडेपाचला तिथली तारीख बदलते आणि चूक आपोआप गायब होते. तक्रार करणाऱ्याने 'कधी कधी'च्या जागी 'रात्री 1.20 वाजता' एवढं लिहिलं असतं, तर चार दिवसांचं काम चहाच्या आत झालं असतं.

माझी स्वतःची सवय सांगतो. दुसऱ्याच्या प्रकल्पात बग कळवायचा असेल तर मी आधी वहीत लिहितो. हो, वहीत, पेनाने. वेळ, काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. मग ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (तिथे जुनं लॉगिन आणि एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले जादा प्रोग्राम, सहसा नसतात) उघडून वहीत लिहिलेल्या पायऱ्या आंधळेपणाने करतो, वहीत नसलेली एकही गोष्ट न करता. निम्म्या वेळा बग तिथेच मरतो, कारण चूक माझ्याच एखाद्या एक्स्टेंशनची निघते. उरलेले मग पाठवतो. मुलांना ही वही म्हाताऱ्यासारखी वाटते. वाटू दे.

लक्षणाऐवजी निदान पाठवणे

"तुमचा इंडेक्स करप्ट झाला आहे." म्हणजे शोधाची सूची बिघडली. तुम्हाला कसं कळलं? काय दिसलं ते सांगा, तुमचा अंदाज शेवटी वेगळ्या ओळीत लिहा. अंदाज बरोबर निघाला तर कौतुक करीन.

सूचना करताना उपाय सांगणे, अडचण लपवणे

बग परवडले, पण सूचना! "डार्क मोड टाका." "एआय टाका." का टाकू, कोणासाठी, त्याने कोणाचं काय अडलंय?

एका वाचनालयातल्या काकांनी सुचवलं होतं, "दर पाच मिनिटांनी 'सेव्ह करा' अशी पाटी स्क्रीनवर आली पाहिजे." मी मनातल्या मनात नाही म्हणून टाकलं. काम करताना दर पाच मिनिटांनी तोंडावर पाटी येणारा प्रोग्राम लोक दुसऱ्याच दिवशी काढून टाकतील. पण त्या काकांशी फोनवर बोलताना सहज विचारलं, "काका, पाटी कशाला पाहिजे?" ते म्हणाले, "अरे बाप्पा, मे महिना चालू आहे. दुपारी कूलर लावला का लाईन जाते. चाळीस पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या मी, सगळ्या गेल्या."

आता बघा. अडचण पाटीची नव्हतीच. पंचेचाळीस डिग्रीत बसून केलेलं काम वाया जातंय, ही अडचण होती. त्यावर उपाय पाटी नाही, दर नोंदीनंतर मसुदा आपोआप जपून ठेवणं हा आहे, आणि तो मला अर्ध्या दिवसात करता आला. काकांनी पहिल्याच ओळीत लाईट गेल्याचं लिहिलं असतं तर मी त्यांची सूचना दोन महिने बाजूला ठेवली नसती. मीही पहिल्याच दिवशी 'कशाला' विचारलं असतं तर तेच.

तेव्हा सूचना लिहिताना आधी प्रसंग लिहा: मी हे करत होतो, इथे अडलो, सध्या असं भागवतो. तुमच्या मनातला उपाय त्याच्या खाली येऊ द्या. आणि एका सूचनेत एकच गोष्ट. दहा मागण्यांची यादी पाठवली की त्यातली सोपी झाली तरी तक्रार बंद करता येत नाही, आणि अवघड गोष्टीमुळे सगळीच लोंबकळते.

जग बदलायच्या सूचना मला नका पाठवू. मुलं हटकून उबुंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमचा दाखला देतात. उबुंटूचा बग क्रमांक 1 मार्क शटलवर्थनेच 2004 साली नोंदवला होता, की बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे. बंद झाला 2013 मध्ये. तो उबुंटूचा संस्थापक होता, त्याला शोभलं.

घाई, टी-शर्ट आणि इतर

दुसऱ्याच्या तक्रारीखाली 'प्लस वन', 'मलाही', 'काही अपडेट?' लिहू नका. 2016 च्या जानेवारीत ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या बऱ्याच जणांनी मिळून गिटहबला उघडं पत्र लिहिलं होतं, त्यात या 'प्लस वन'चं रडगाणं होतं. त्याच वर्षी गिटहबने काही न लिहिता तक्रारीवर अंगठ्याचं चिन्ह टाकायची सोय दिली. तो अंगठा वापरा. लिहायचंच असेल तर तुमच्या मशीनवर काय वेगळं दिसतं ते लिहा.

पहिलं योगदान म्हणून रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाईलमध्ये) 'ग्रेट प्रोजेक्ट' असा शब्द घुसवणारी पोरं अजून भेटतात. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला हातभार लावणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) टी-शर्टासाठी असल्या बदलांचा इतका पूर आला की नियम बदलून, जे प्रकल्प स्वतःहून तयार आहेत तेवढ्यांचंच योगदान धरायचं ठरलं. आता टी-शर्टाची जागा एआयने घेतलीय. पोरं कोड चॅटबॉटला देतात, तो पाच 'गंभीर त्रुटी' काढून देतो, आणि पोरं त्या न चालवता डकवतात. कर्ल हा ओपन सोर्स प्रोग्राम सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग 2024 पासून उघडपणे यावर वैतागून लिहितात. माझा नियम साधा आहे: त्रुटी स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवली नसेल तर मी वाचत नाही.

सुरक्षेची त्रुटी मात्र उघड्यावर लिहू नका. प्रकल्पात त्यासाठी खासगी पत्ता दिलेला असतो, तिथे पाठवा आणि दुरुस्ती होईपर्यंत गप्प बसा.

'सुटलं, धन्यवाद' म्हणून पळून जाणे

कसं सुटलं? ते लिहा की. मॅडमच्या ॲलर्जीच्या तक्रारीखाली मी ते दोन आकडे, दोन्ही शब्द आणि दुरुस्तीच्या दोन ओळी लिहून ठेवल्या होत्या. मागच्या महिन्यात वर्ध्याच्या एका वाचनालयात 'ॲटलास' सापडेना. तिथल्या मुलाने मला विचारलंच नाही. जुनी तक्रार शोधली, वाचली, प्रोग्राम अद्ययावत केला आणि यादी पुन्हा भरली. मला कळलं ते मॅडमच्या फोटोखाली उमटलेल्या त्याच्या अंगठ्यावरून.