कुत्र्याची मणक्यातली गादी सरकली तर काय करावं

कालपर्यंत जोत्याच्या पायऱ्या उड्या मारत चढणारा कुत्रा आज पाठ वाकवून उभा राहतो, उचलायला गेलं की केकाटतो, चालताना मागचे पाय लटपटतात. असं दिसलं तर मणक्यांमधली गादी सरकल्याची शंका घ्या. डॅशहंड, बीगल, पेकिनीज, शिह त्झू अशा जातींत ही गादी तरुणपणीच कडक होते आणि एखाद्या साध्या उडीतही फुटून मज्जारज्जूवर दाब आणते. लॅब्राडोरसारख्या मोठ्या कुत्र्यांत हाच त्रास बहुधा उतारवयात, हळूहळू वाढतो.

आधी त्याचं हिंडणं थांबवा. उंडीचं तेल चोळायला किंवा पाय ओढून बघायला कुणी पुढे आलं तर हात जोडून नको म्हणा. चोळल्या-ओढल्याने इजा वाढू शकते. घरातली वेदनाशामक गोळीही देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं बिघडतात. शिवाय अशा गोळीनंतर लगेच स्टेरॉइड देणं धोक्याचं असतं, म्हणजे डॉक्टरांचेही हात बांधले जातात.

तो स्वतः उभा राहत असेल तर पोटाखाली हाताचा आधार देऊन मागचा एक पंजा अलगद उलटा टेकवा, पंजाची वरची बाजू जमिनीला लागेल असा. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. पंजा तसाच राहिला तर पायाची जाणीव कमी झाली आहे असं समजा. चालण्याचा छोटा व्हिडिओ काढून डॉक्टरांना पाठवा.

पाय लुळे पडण्याची कारणं आपल्याकडे आणखीही आहेत. मण्यार चावली तर जखम दिसतही नाही. गोचीड-तापानेही कुत्रा गळून जातो. लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, गिळता येत नसेल तर तोंडात हात मुळीच घालू नका. तो रेबीज असू शकतो.

पाय अजिबात हलत नसतील तर सकाळची वाट बघू नका. डॉक्टर चिमट्याने बोट दाबून बघतात. पाय नुसता आखडून घेतला तर ती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्र्याने मान वळवून बघितलं किंवा कण्हला, तरच वेदना मेंदूपर्यंत पोहोचते आहे. ती पोहोचत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्रे पुन्हा चालतात. वेदनेची जाणीवच गेली असेल तर ही शक्यता साधारण निम्म्यावर येते. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, त्याला एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो. त्यासाठी मुंबई-पुण्याकडे जावं लागलं तर निघण्याआधी फोन करून सोय आहे का ते विचारा. कुत्र्याला रुंद फळीवर घेऊन चादरीने सैल बांधा आणि घाटात गाडी सावकाश चालवा.

दुखणं सौम्य असेल आणि डॉक्टरांनी घरी ठेवायला सांगितलं, तर खरी कसोटी घरच्यांची. किमान ४ आठवडे, बरेचदा ६, त्याला बंदिस्त जागेत ठेवायचं. पडवीच्या कोपऱ्यात फळ्यांचा आडोसा केला तरी चालतो: उभं राहता, वळता, पसरून झोपता येईल एवढाच. औषधाने दुखणं आठवड्याभरात कमी होतं, तो शेपटी हलवत बाहेर सोडा म्हणतो आणि घरातल्या कुणाला तरी दया येते. गादी तेव्हा भरून आलेली नसते. कृपा करून सोडू नका. शी-शूसाठी पट्टा बांधून, पोटाखाली टॉवेलचा झोळ देऊन न्या आणि लगेच परत आणा.

लघवीकडे फार लक्ष द्या. थेंब थेंब गळते म्हणजे होते आहे असं वाटतं, पण कधी कधी मूत्राशय तुडुंब भरून वरचं पाणी सांडत असतं. ते दिवसातून तीन-चार वेळा हाताने दाबून रिकामं करावं लागतं. डॉक्टरांसमोर स्वतः करून शिका. पावसाळ्यात गोधड्या वाळत नाहीत, म्हणून जुन्या चादरी जास्तीच्या काढून ठेवा. ओल्या अंथरुणावर पडून राहिला की दोन-तीन दिवसांत कातडी सोलवटते.

बरा झाल्यावर गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरा. गुळगुळीत लाद्यांवर काथ्याच्या चटया टाका, पायऱ्यांवर उतरती फळी लावा, पलंगावर उडी बंद. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा पुठ्ठ्याखाली, पाठ आडवी सरळ. उरलेला भात-आमटीचा रतीब कमी करा. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. पुढे कधी पुन्हा केकाटला किंवा पाय घासत चालला, तर त्याच दिवशी बंदिस्त जागेत ठेवा आणि डॉक्टरांना फोन लावा.