पाय सुजलाय, गरम लागतोय पण दुखत नाहीये? मग आधी चालणं थांबवा

बाबांचा पाय सुजला तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, दुखत नाहीये ना, मग उतरेल दोन दिवसांत. आणि बाबा त्याच पायावर आठवडाभर हिंडत होते. शुगर असलेल्या माणसाच्या बाबतीत "दुखत नाहीये" हीच खरी घाबरायची गोष्ट असते हे आम्हाला फार उशिरा कळलं, म्हणून हे लिहितोय.

आपला पाय मुरगळला की आपण आपोआप लंगडतो, वजन दुसऱ्या पायावर टाकतो, म्हणजे सांध्याला न मागता सुट्टी मिळते. शुगरने पायाची नस बधीर झाली की ही सुट्टी बंद. आत हाडाला बारीक चीर जाते, पत्ता लागत नाही, माणूस चालत राहतो, आतून सूज येते, रक्तपुरवठा वाढतो, हाड ठिसूळ होत जातं आणि त्या ठिसूळ हाडावर परत तेच वजन. असं करत करत पायाची कमान खाली बसते, तळवा मधेच फुगतो, तिथे घट्टा, मग जखम. याला शार्को फूट म्हणतात. शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी 1868 मध्ये याचं वर्णन केलं तेव्हा कारण सिफिलिस असायचं, आता बहुतेक केसेस डायबेटिसच्या. कुष्ठरोग, खूप वर्षांची दारू, मज्जारज्जूचे आजार यातही होतं, आणि दरवेळी पायच असतो असंही नाही, मज्जारज्जूत पाण्याची पोकळी झालेल्यांचा खांदासुद्धा असाच जातो.

पाय बधीर आहे का ते घरी बघता येतं. माणसाला डोळे मिटायला सांगा, दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला टोकावर आपलं बोट अगदी हलकं एक-दोन सेकंद टेकवा, दाबायचं नाही, टोचायचं नाही, आणि कळलं की "हो" म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पाय धोक्यात आहे असं समजा आणि डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या.

दुसरं म्हणजे गरमपणा. हाताची मागची बाजू आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर त्याच जागी ठेवून बघा. बाबांचा एक पाय गार आणि दुसरा ताप आल्यासारखा, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळही एकाच पायावर खोल, हे आम्ही रोज बघत होतो पण दोन्ही पाय शेजारी ठेवून कधी बघितलंच नाही! लेझरवाला थर्मामीटर असेल तर दोन पायांत 2 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा जास्त फरक म्हणजे काहीतरी चाललंय.

तिसरं, आडवं झोपून पाय छातीपेक्षा वर पाच-दहा मिनिटं ठेवायचा. लाली बरीच उतरली तर शार्कोची शक्यता जास्त, तशीच राहिली तर इन्फेक्शनची. हा फक्त अंदाज हं, निदान नाही, आणि कधी कधी दोन्ही एकत्र असतात. जखम, पू, ताप किंवा शुगर अचानक वाढलेली असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

संशय आला की पहिलं काम, त्या पायावर वजन टाकणं बंद. वॉकर, व्हीलचेअर, जे मिळेल ते, बाथरूमपर्यंतसुद्धा. मालिश नाही, गरम पाण्याचा शेक तर अजिबात नाही, बधीर पाय भाजला तरी कळत नाही.

डॉक्टरांकडे गेलात की स्वतः विचारा, "हा शार्को असू शकतो का?" कारण सुरुवातीला हा अगदी इन्फेक्शन, गाऊट (युरिक ॲसिडने सांधा सुजणं) किंवा पायात रक्ताची गुठळी झाल्यासारखा दिसतो आणि साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. आमचाही नॉर्मल आला होता, आम्ही खुश होऊन घरी. खरं तर तेव्हाच एमआरआय विचारायला हवा होता.

उपचार म्हणजे मुख्यतः प्लास्टर, तळव्याला सगळीकडून चिकटून बसणारं, जे सूज उतरली की सैल होतं म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला वगैरे बदलावं लागतं. किती दिवस? दिवस नाही हो, महिने, आणि काहींना वर्षसुद्धा. सगळ्यात कठीण भाग हाच, कारण दुखत नसताना माणसाला बसवून ठेवायचं. लाली आणि सूज गेली, दोन्ही पायांचं तापमान सारखं झालं, एक्स-रेमध्ये हाड जुळलेलं दिसलं, की मगच हळूहळू वजन. मधल्या काळात दुसऱ्या पायावर सगळा भार येतो, तर तोही रोज तपासायचा.

नंतर बूट मापाचेच, आतल्या गादीसकट बनवून घेतलेले. घालण्याआधी आत हात फिरवायचा, रोज. मागच्या महिन्यात बाबांच्या बुटातून शर्टाचं बटण निघालं, आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेच बूट घालून फिरले होते.