ड्रॅगनचे वाकलेले पंख सरळ कसे करावेत

खेळण्यातला नवा ड्रॅगन खोक्यातून काढावा, तर त्याचा एक पंख खाली झुकलेला असतो. जुना असेल तर दोन उन्हाळे कपाटावर काढल्यावर पुढे कलू लागतो. श्लाइश, पापो या खेळणी कंपन्यांचे ड्रॅगन घ्या किंवा मॅकफार्लेन टॉइजने २००५ मध्ये सुरू केलेल्या मालिकेतले, अशा खेळण्यांत पीव्हीसी हे प्लास्टिक सर्रास वापरलं जातं. ते उष्णतेने नरम पडतं आणि दाबाखाली वाकतं. पण साच्यात मिळालेल्या आकाराकडे परतण्याची त्याची ओढ असते, त्यामुळे नीट ऊब दिली की अर्धं काम ते आपणहून करतं.

आधी पंखाची कड नखाने हलकेच दाबून बघा. लवली तर पीव्हीसी. जड, गार लागली आणि टिचकीला टणक आवाज आला तर बहुधा पॉलिरेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट केलेली कडक राळ; ते वाकवायला जाऊ नका, तुटेल. बॅटरीवर चालणारा ड्रॅगन पाण्यात बुडवू नका. सांध्यांत धातूच्या पिना असतील तर फक्त पंख बुडवा, कारण आत शिरलेलं पाणी पुढे गंजाचे डाग काढतं.

तीन वाट्या उकळत्या पाण्यात एक वाटी साधं पाणी घाला. तापमान साधारण ८० अंशांवर येतं. थेट उकळतं पाणी वापरलं तर रंग सुटण्याचा, पातळ टोकं मुरगळण्याचा धोका असतो. शेजारी दुसऱ्या भांड्यात बर्फाचं पाणी तयार ठेवा.

पंखाच्या पातळ पडद्याला या गरम पाण्यात ३० सेकंद पुरतात, जाड पायाला किंवा शेपटीला दीड ते दोन मिनिटं लागतात. चिमट्याने धरू नका, नरम प्लास्टिकवर त्याचे वळ उठतात. रबरी हातमोजे घाला. बाहेर काढल्यावर घाई न करता १० सेकंद नुसतं बघा, पंख किती परततो ते कळतं. उरलेला बाक बोटांनी काढा आणि हवा त्यापेक्षा किंचित पलीकडे न्या, कारण गार होताना तो थोडा मागे येतो. त्याच स्थितीत धरून बर्फाच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवून ठेवा. बहुतेकदा काम इथेच बिघडतं: वरचा भाग गार लागतो म्हणून हात सोडला जातो, पण गाभा अजून ऊबदार असतो आणि संध्याकाळपर्यंत पंख पुन्हा झुकतो. एका खेपेत जमलं नाही तर दुसरी खेप करा, जोर वाढवू नका.

पुढे कलणाऱ्या ड्रॅगनचा दोष अनेकदा पायांत नसून पंखांच्या वजनात असतो. पाय सरळ करून झाल्यावर पोटाखाली छोटा लाकडी ठोकळा टेकू म्हणून द्या, नाहीतर पुढच्या मे महिन्यात हेच काम पुन्हा करावं लागेल.

अंग चिकट लागत असेल तर तो मळ नाही. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून मिसळलेलं प्लास्टिसायझर पृष्ठभागावर आलेलं असतं आणि धूळ त्यावरच बसते. कोमट पाण्यात भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोन थेंब घाला, मऊ टूथब्रशने खवल्यांच्या रेषांतून हळू फिरवा आणि सावलीत वाळवा. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलात तर रंगाबरोबर खालचं प्लास्टिकही विरघळू लागतं. काही महिन्यांनी चिकटपणा परत येईल, तेव्हा पुन्हा धुवा.

कोकणातल्या दमट पावसाळ्यात ड्रॅगन घट्ट पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवण्याचा मोह होतो. तो टाळा, बाहेर आलेला चिकट थर तिथेच साचतो. काचेचं कपाट चांगलं, पण थेट ऊन नको आणि दार अधूनमधून उघडा. खोक्यात ठेवायचा असेल तर साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळा. थर्माकोलला उघडा पीव्हीसी टेकू देऊ नका: प्लास्टिसायझर त्यात उतरून थर्माकोल वितळवतो आणि तो खवल्यांना असा चिकटतो की काढताना रंगही निघतो.