कंत्राट व्यवस्थापकाचे काम: करारनाम्यावर सही झाल्यानंतर

सरकारी कामे घेणाऱ्या बांधकाम कंपनीत कंत्राट व्यवस्थापक म्हणून रुजू होणाऱ्याने पहिला दिवस करारनामा वाचण्यातच घालवावा आणि वाचताना शेजारी कोरा कागद ठेवावा. कार्यारंभ आदेशाची तारीख, काम पूर्ण करण्याची मुदत, विम्याचे नूतनीकरण, दावा कळवण्यासाठी दिलेले दिवस आणि बँक हमी (आपण करार पाळला नाही, तर काम देणाऱ्या सरकारी विभागाला रक्कम देण्याची बँकेची लेखी हमी) संपण्याची तारीख त्या कागदावर उतरवावी. यांपैकी बँक हमीला सर्वाधिक जपावे. ती संपत आली की ‘मुदत वाढवा, अन्यथा रक्कम द्या’ असे पत्र विभागाकडून थेट बँकेकडे जाऊ शकते. म्हणून नूतनीकरणाची हालचाल दोन महिने आधीच सुरू करावी.

या पदाचा खरा कस लागतो तो पत्रव्यवहारात. जागेचा ताबा मिळाला नाही, नकाशे मंजूर झाले नाहीत, की कामावरचे अभियंते साहेबांना फोन करून मोकळे होतात. पण पुढे मुदतवाढीचा प्रस्ताव मांडताना त्या फोनचा काहीही उपयोग होत नाही. ‘विजेच्या खांबांमुळे काम रखडले आहे’ एवढे लिहिणेही अपुरेच. ‘कि.मी. 4/200 ते 4/650 मधील सात खांब अद्याप हलवलेले नाहीत, त्यामुळे 12 मेपासून या भागातील खडीकरण बंद आहे’ असे नेमके लिहावे आणि अडथळा सुरू झाला त्याच दिवशी हिंडरन्स रजिस्टरमध्ये, म्हणजे कामातील अडथळ्यांच्या नोंदवहीत, नोंद करून त्यावर विभागाच्या अभियंत्याची सही घ्यावी. मी एकदा असे पत्र हातोहात देऊन पोच न घेता परतलो होतो. वर्षभराने ते आमच्या फाइलमध्ये होते, त्यांच्या फाइलमध्ये नव्हते, आणि तेवढ्या दिवसांची मुदतवाढ हातची गेली. तेव्हापासून आमच्या प्रतीवर गोल शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख पडल्याखेरीज मी आवक खिडकीपासून हलत नाही.

उपकंत्राटदारांशी वागतानाही हीच शिस्त लागते. मुदत हा कराराचा गाभा असताना उशिरा झालेले काम आपण मुकाट्याने स्वीकारले, तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 55 नुसार त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. स्वीकारतानाच तशी सूचना द्यावी लागते. दंडाची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी कलम 74 प्रमाणे ती कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. माल पुरवणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योजक असेल, तर त्याचे पैसे 45 दिवसांपलीकडे अडवू नयेत, कारण 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार थकबाकीवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते.

अंतिम देयकासोबत ‘कोणताही दावा शिल्लक नाही’ असे लिहून मागितले जाते. तेथे घाईने सही करू नये. जे दावे प्रलंबित आहेत, ते रकमेसह आधी लेखी नोंदवावेत. त्यानंतर दोषदायित्व कालावधी, म्हणजे पूर्ण झालेल्या कामातील दोष आपल्या खर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपण्याची तारीख पहिल्या दिवशीच्या त्याच कागदावर लिहावी आणि सुरक्षा ठेव परत मागणारे पत्र त्या दिवसासाठी तयार ठेवावे.